आखूड गळ्याची क्लॅरिनेट

माझ्या पेटीत दोन गळे आहेत. फुंकायचा तुकडा आणि माझं अंग यांना जोडणारी जी आखूड लाकडी नळी असते, तिला आमच्या कारखान्यात गळा म्हणत. दोन्ही गळे एकाच लाकडाचे. शेजारी शेजारी उभे केले तर त्यांच्या उंचीत काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढाच फरक दिसतो. त्यातल्या आखूड गळ्याची वरची कड किंचित तांबूस आहे, कारण तेल पिऊन काळं झालेलं लाकूड तिथे पुन्हा कापलं गेलं. एवढीशी कड. पण मित्रांनो, मला जे काही सोसावं लागलं ते सगळं त्या कडेपाशी सुरू झालं.

मी एक जुनी क्लॅरिनेट आहे. दुकानाच्या काचेआड मी कधी उभी राहिले नाही. माझं लाकूड शिसवाच्या जातीचं, काळं आणि इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडेल. कारागिराच्या घरामागच्या लांबट खोलीत, लेथच्या वरच्या फळीवर, ते वर्षानुवर्षं नुसतं पडून होतं. असं लाकूड घाईने कापलं तर नंतर तडकतं. कारागीर वाकबगार होता. तो लाकडाला वाट पाहायला लावी आणि स्वतःही वाट पाही.

त्या खोलीत दोघंच काम करत. लाकूड बापाचं आणि धातू मुलीचा. माझ्या चाव्या, त्यांच्या स्प्रिंगा, भोकं झाकणाऱ्या मऊ गाद्या हे सगळं त्याच्या मुलीने केलं. तिची कानस चालू असली की बाप शीळ घाली आणि ती म्हणे, "बाबा, शीळ तरी सुरात घाला." सुरावरून त्याला चिडवायची मुभा फक्त तिला होती. सूर लावायची मुभा मात्र तिलाही नव्हती. त्या कारखान्याचा एकच नियम होता: भोकांच्या कडा तासून सूर लावायचा तो कारागिराने, स्वतःच्या तोंडाने फुंकून. टेबलावर नेहमी एकच पक्का सूर देणारा नादकाटा असे. तो गुडघ्यावर आपटून कारागीर त्याचा नाद ऐके, मग वाद्य फुंके, मग सुरीने केसभर लाकूड काढी आणि पुन्हा फुंके. मुलीने एकदा विचारून पाहिलं होतं. "एका लाकडात दोन तोंडांचा सूर राहत नाही," एवढंच तो म्हणाला. विषय मिटला.

माझी मागणी घेऊन आल्या त्या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात बदलीवर वाजवणाऱ्या बाई. त्यांच्या जुन्या वाद्याला तडा गेला होता. दुकानं सोडून त्या थेट कारागिराकडे आल्या, कारण त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आखूड होती आणि दुकानातल्या कुठल्याच वाद्याची खालची चावी त्यांना सुखाने पोचत नसे. कारागिराने त्यांच्या हातात एक गुळगुळीत दांडकं दिलं, बोटं आपसूक जिथे पडली तिथे खडूने खुणा केल्या आणि मुलीला म्हणाला, "चावी बाईंकडे येऊ दे. बाईंनी चावीकडे जायचं नाही." मित्रांनो, मी त्या वेळी नुसता लाकडाचा ठोकळा होते, पण कोणाच्या हातासाठी जन्माला येणार ते मला कळलं. असं भाग्य फार थोड्या वाद्यांना लाभतं. वाद्यवृंदात एक कायमची जागा निघणार होती. तिच्या परीक्षेला बाई मला घेऊन जाणार होत्या.

मी तयार झाले. माझा पहिला सूर कारागिराने लावला तो अगदी नादकाट्याशी जुळला. उरलेलं बारीकसारीक काम बाकी होतं, तेवढ्यात त्याचे पुढचे दात गेले आणि त्याने कवळी बसवली.

घरात थोडे दिवस थट्टा चालली. "बाबा, आता आधी दात येतात आणि मागून तुम्ही," मुलगी म्हणे, आणि तो तोंडावर हात ठेवून हसे. पण क्लॅरिनेट फुंकताना वरचे दात टेकवावे लागतात आणि खालच्या ओठाने फुंकायच्या तुकड्यावरची वेताची पत्ती धरावी लागते. पकड सैल पडली की सूर उतरतो. कारागिराची पकड सैल पडली होती. कान मात्र पूर्वीइतकेच तीक्ष्ण होते. म्हणून त्याला ऐकू आलं ते खरंच होतं: मी खाली वाजत होते.

"लाकूड बसलंय," तो म्हणाला, आणि माझा गळा लेथवर चढवून जरासा कापला. सूर चढला. त्याचा चेहरा खुलला. कवळी हिरड्यांवर आणखी ढिली झाली, मी पुन्हा उतरले, त्याने पुन्हा कापलं. मग वरच्या भोकांच्या कडाही तासल्या. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण मला वाचा फुटते ती दुसऱ्याच्या श्वासाने. ज्याच्या श्वासात चूक होती त्याच्याच श्वासाने मी काय सांगणार?

मुलीला ते कळलं. बाप दुपारी आडवा झाला असताना तिने चोरून मला फुंकलं आणि नादकाटा कानाशी धरला. मी कितीतरी वर वाजत होते. तिने मला पुसून जागेवर ठेवलं, चहा केला, कप त्याच्या उशाशी नेला, आणि काहीच बोलली नाही. उद्या सांगू, असं करत तिचे महिने गेले. आमच्यातलं एक वाद्य त्याच काळात गिऱ्हाइकाकडून परत आलं. "त्यांच्या तोंडाला सवय नाही," बाप म्हणाला, आणि ती खाली बघून कानस चालवत राहिली. कधी नव्हे ती तिची कानस तेव्हा घसरली. माझ्या एका चावीवर तो ओरखडा अजून आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादं वाद्य असेल तर वाजवून झाल्यावर त्यातला ओलावा पुसा, ते उन्हात टाकू नका, वर्षाकाठी थोडं तेल पाजा. एवढं सगळेच सांगतात. मी आणखी एक सांगते: ते बेसूर वाटलं तर ज्याने बनवलं त्याला लगेच सांगा. मायेपोटी गप्प राहणं हीसुद्धा एक प्रकारची हेळसांड आहे. आणि हेही आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगीच आशेवर राहणार नाही: त्या परीक्षेला बाई आपल्या जुन्या, तडा गेलेल्या वाद्यावरच गेल्या, आणि ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

कारण मला न्यायला त्या आल्या, त्या सकाळी असं झालं.

बाईंनी मला हातात घेतलं. करंगळी चावीवर अलगद पडली, आणि त्यांचे डोळे पाणावले. "काका, हात माझाच मापलाय हो तुम्ही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी नादकाटा वाजवला आणि मला फुंकलं. थांबल्या. गळा थोडा बाहेर ओढून पुन्हा फुंकलं. आता जवळच्या भोकांचे सूर उतरले, पण लांबच्या भोकांचे फारसे हलले नाहीत. माझे सूर एकाच घरातल्या भावंडांसारखे आपसात भांडू लागले.

बाई भिडस्त होत्या. "जरा चढी वाटतेय," त्या म्हणाल्या. "खोली गार आहे ना, थंडीने होत असेल."

"थंडीने सूर उतरतो बाई, चढत नाही," कारागीर सवयीने म्हणून गेला. आणि बोलता बोलताच थबकला.

त्याने मला घेतलं, फुंकलं. मी नादकाट्याशी तंतोतंत जुळले. त्याने मला बाईंकडे दिलं, त्यांनी फुंकलं. चढी. मग तो वळला आणि मला मुलीसमोर धरलं. "तू फुंक."

"बाबा, मी कशाला..."

"फुंक म्हणतो ना."

तिने फुंकलं. चढी, बाईंच्या इतकीच. बापाचे डोळे तिच्या ओठांवर होते. असे सराईत ओठ पहिल्यांदा फुंकणाऱ्याचे नसतात, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"कवळी बसवली त्यानंतर."

"आणि बोलली नाहीस."

"तुमचा सूर जुळला की तुम्ही किती खूश व्हायचात," ती म्हणाली.

त्याने माझा गळा काढून खिडकीपाशी नेला. तांबूस कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, एकदा, दोनदा. "लाकूड बसलं म्हणत होतो मी," तो स्वतःशीच म्हणाला. "बिचारं लाकूड जिथल्या तिथे होतं."

बाई हळूच म्हणाल्या, "काका, मला हीच हवी. परीक्षा मी जुन्यावर देईन. ही नीट होईपर्यंत थांबते मी."

"नीट होईल," तो म्हणाला. "नवा गळा लागेल. वरची भोकं बुजवून पुन्हा पाडावी लागतील. तेवढं हात करतील माझे." त्याने वरच्या फळीवरून माझ्याच लाकडाचा उरलेला तुकडा काढला, लेथवर चढवला, पण लेथ सुरू केला नाही. मुलगी त्याच्या खांद्याकडे पाहत होती, आणि मी तिच्या हातात होते.

मग त्याने सूर लावायची सुरी खिळ्यावरून काढली. तिची मूठ त्याच्या अंगठ्याने झिजून खोलगट झाली होती. ती मूठ त्याने मुलीकडे केली.

"यापुढे सूर तू लावायचा," तो म्हणाला. "हिचाही, आणि सगळ्यांचाच. मी नुसता ऐकेन."