दार नसलेली रानगाडी

कवळ्या बनवणाऱ्या माणसावर भविष्याची जबाबदारी कोणी टाकली, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. पण त्यानं ती घेतली होती, आणि घरचे ती सोसत होते.

दातांच्या एका प्रयोगशाळेत तो कामाला होता. दवाखान्यांतून तोंडांचे साचे यायचे, त्यांवरून तो गुलाबी हिरड्या आणि पांढरे दात घडवायचा. हात सोन्याचा होता, हे मान्य करायलाच हवं. हिरडी कुठं संपली आणि दात कुठं सुरू झाला, हे भिंग लावूनही सांगता येत नसे. सांधा दिसता कामा नये, हाच त्याचा धर्म. देव कुणाला कशात भेटेल याचा नेम नाही; याला तो सांध्यात भेटला होता.

संध्याकाळी घरी आला की हा मागच्या लहान खोलीत शिरायचा आणि शंभर वर्षं पुढं निघून जायचा. छंदी लोकांचं एक मंडळ दरवर्षी छोट्या प्रतिकृतींची स्पर्धा घेई. यंदाचा विषय होता शंभर वर्षांनंतरची, आडरानातल्या शर्यतीत धावणारी गाडी. खऱ्या मापाच्या चोविसाव्या हिश्श्यात, हातानं घडवलेली. गेली चार वर्षं आपल्या या कवळीवाल्याला सहभागाचं प्रशस्तिपत्र मिळत आलं होतं. तसलं प्रशस्तिपत्र एकदा पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनलाही मिळालं होतं, कारण त्यानं भलत्याच वहीत सही केली होती.

यंदा मात्र प्रश्न प्रशस्तिपत्राचा नव्हता, खोलीचा होता. सासरे तिसऱ्या मजल्यावर एकटे राहात आणि त्यांचा गुडघा आता पहिल्या मजल्यालाच राजीनामा देई. दोन मुली, दोन जावई. एकाकडे यायलाच हवं होतं. थोरल्या जावयाकडे, म्हणजे कवळीवाल्याच्या साडूकडे, एक खोली जास्तीची होती, पण तिच्यात त्याचं छपाईयंत्र राहायचं. हे यंत्र प्लॅस्टिकचे भाग आपोआप घडवतं. साडू बटण दाबून जेवायला बसे आणि हात धुऊन येईपर्यंत त्याची कलासाधना पूर्ण झालेली असे. तोही याच स्पर्धेत उतरे.

दोघी बहिणींनी बसून निकाल लावला. कवळीवाल्याची बायको त्याला म्हणाली, "अहो, बक्षीस आणलंत तर खोली तुमची, बाबा ताईकडे जातील. नाही आणलंत तर सोमवारी तिथं बाबांची खाट लागेल. चार वर्षं तुमची कला बघितली, आता परीक्षकांना बघू दे."

हा करार म्हाताऱ्याच्या पाठीमागं झाला होता. म्हणजे त्याला तो पहिल्या दिवसापासून माहीत होता.

गाडी खरोखर देखणी झाली होती. सहा चाकं, सहाही वेगवेगळी उचलली जाणारी, त्यांच्या स्प्रिंगा वाकडे दात सरळ करायच्या तारेच्या. अंग हिरड्यांच्याच मसाल्याचं, पण वाळूच्या रंगानं रंगवलेलं. दिवे म्हणजे घासून घासून चकाकवलेल्या चार दाढा. पुढं काच नाही; शंभर वर्षांनी चालक काचेतून बघण्याइतका मागास राहणार नाही, असा खुलासा त्यानं तीन पानी टिपणात केला होता. इंधन वाळूतून मिळणार होतं. कसं, ते शंभर वर्षांनंतरच्या लोकांनी बघून घ्यावं. आत, बाजूच्या बोटभर झरोक्यातून दिसेल असा, हेल्मेट घातलेला मेणाचा चालक बसवला होता, आणि त्याच्यावर छप्पर चिकटवून, सांधा भरून, घासून, रंगवून टाकला होता. अंड्याला असतो तेवढाच सांधा त्या गाडीला होता.

गुरुवारी सासरे आले. हातात मोजपट्टी. खाट कुठं बसेल ते बघायला आले होते, उगाच तोंड कशाला लपवा, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. जावयानं मोजपट्टीचं दुसरं टोक धरलं. आपल्याच हकालपट्टीचं माप घेताना माणसाचा चेहरा जसा होतो तसा त्याचा झाला होता.

माप झालं. सासरे टेबलाशी थांबले. आयुष्याची एकतीस वर्षं त्यांनी दगडाच्या खाणीत डंपर चालवला होता, त्याच्या चाकाशेजारी उभं राहिलं तरी टोपी चाकाच्या वर दिसायची नाही एवढा उंच. त्यांनी गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली, वाकून खालूनही पाहिली. जावई कौतुकाची वाट बघत खुर्चीच्या कडेवर आला.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "हा आत कुठनं गेला?"

"कोण?"

"हा बसलाय तो."

जावयानं सांगितलं की चालक आधी बसवतात, मग छप्पर चिकटवतात. सगळेच तसं करतात. सासरे म्हणाले, ते तुमचं झालं, याचं काय? याला लघवीला लागली तर? जावयानं टिपणाचं तिसरं पान उघडलं. त्यात वाळूपासून इंधन होतं, उपग्रहावरून वाट दिसत होती, चाक फुटलं तर आपोआप भरत होतं. दार मात्र तिन्ही पानांत कुठं नव्हतं. आठ महिने माणूस एका गाडीवर राबला आणि शंभर वर्षांपुढच्या त्या बिचाऱ्याला त्यानं जिवंत लिंपून टाकलं होतं. तेही इतकं सुबक की सांधा दिसू नये.

इथं सासऱ्यांनी गप्प बसायला हवं होतं. हिशेब सरळ होता: गाडी हरली की खोली त्यांची. पण म्हाताऱ्याला स्वार्थाचं वळण लावायला घरात कुणाला सवड झाली नव्हती. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, पेन्सिल द्या.

शुक्रवार आणि शनिवार, दोन्ही दिवस जावयानं रजा काढली. आपल्याच हातानं त्यानं तो पवित्र सांधा करवतीनं कापला. दार कुठं असावं, हँडल किती उंच, पायरी कुठं, हे सासरे सांगत आणि खुर्चीच्या पाठीला धरून करून दाखवत. उंच गाडीत चढताना दोन हात आणि एक पाय कायम टेकलेला हवा. एकदा नाही टेकला तर पुन्हा टेकायला माणूस राहात नाही. गुडघा कुरकुरला की ते खाली बसत, चहा मागत आणि पुन्हा चढत. मुलगी दारातून म्हणाली, बाबा, खुर्ची मोडेल. ते म्हणाले, मोडली तर तुझा नवरा हिरडी लावून देईल.

मग त्यांनी आणखी एक खोडी काढली. हँडलजवळचा रंग खरवडायला लावला, कारण हात रोज तिथंच पडतो. पायरीच्या वर एक बारीक पोचा पाडायला लावला, कारण बुटाचं टोक कितीही सांभाळलं तरी तिथं आपटतंच. नव्या गाडीला पोचा म्हटल्यावर कवळीवाल्याचे डोळे भरून आले, पण त्यानं पाडला. रानात धावणारी गाडी धुळीनं माखवायची पद्धत मंडळात होतीच. सगळे ब्रशानं चिखल उडवत. माणसाचा हात कुठं लागतो, हे मात्र कुणी रंगवत नसे.

रविवारी हॉलमध्ये एकतीस गाड्या मांडल्या होत्या. साडूची गाडी निळ्या दिव्यांनी अशी लखलखत होती की शेजारच्या टेबलावरचे लोक तिच्या उजेडात आपापले फॉर्म भरत होते. परीक्षकीणबाई यंत्रांचे आराखडे काढणाऱ्या. चष्मा कपाळावर चढवून त्या प्रत्येक गाडीभोवती फिरल्या आणि एकतीसपैकी सव्वीस जणांना त्यांनी एकच प्रश्न विचारला: चालक आत कसा जातो? साडू म्हणाला, शंभर वर्षांनी माणसं विरघळून आत जातील. बाईंनी ते लिहूनही घेतलं नाही.

कवळीवाल्याच्या टेबलाशी त्या बराच वेळ थांबल्या. पोच्यावरून त्यांनी अलगद बोट फिरवलं.

"ही पायरी ज्यानं केली त्यानं अशी गाडी चालवलेली आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही का?"

या माणसाला सायकलवर वळण घेताना पाय टेकवावा लागतो. पण चार वर्षांची चार प्रशस्तिपत्रं एकदम घशाशी आली.

"हो," तो म्हणाला. "मीच."

दुसरं बक्षीस मिळालं. चांदीसारखा दिसणारा, झाकण असलेला कप. टाळ्या वाजल्या. आता बघा, मान मिळाला की माणूस फुगतो, हा सगळ्यांचा अनुभव. पण हा टाळ्यांबरोबर लहान लहान होत गेला. खुर्चीच्या पाठीला धरून चढणारा तो म्हातारा, तो गुडघा, तो चहा, सगळं त्याला त्या गुळगुळीत कपात दिसू लागलं. ज्याच्या हातानं कप मिळाला त्यालाच त्या कपाच्या जोरावर घराबाहेर ठेवायचं, एवढा बिनसांध्याचा अन्याय त्यानं तोवर कधी घडवला नव्हता.

तो साडूला बाजूला घेऊन म्हणाला, साडूभाऊ, घरी सांगायचं की काही मिळालं नाही. साडूनं क्षणभर विचार केला. आपल्या साडूला काही मिळालं नाही हे सगळ्यांना सांगायचं, शिवाय सासरे आपल्याकडे येणार नाहीत. इतकं पुण्याचं काम त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं ते मन लावून केलं. कवळीवाल्याच्या दारात उभा राहून मेहुणीला म्हणाला, यंदा परीक्षकच तसले होते, याच्या गाडीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. वरून आवंढाही गिळला.

प्रयोगशाळेची किल्ली खिशात होतीच. घरी येण्याआधी कप तिथल्या कपाटात, कवळ्यांच्या मागं जाऊन बसला होता.

सोमवारी खाट आली. मापाबरहुकूम बसली. सासऱ्यांनी गाडी खिडकीत ठेवायला लावली आणि दुपारी आडवं होण्याआधी जावयाला हाक मारली.

"पायरी बघितली का कुणी?"

"बघितली."

"काय म्हणाले?"

जावयाला खोटं बोलायचं होतं, पण कालचा साठा संपला होता. "म्हणाल्या, ज्यानं ही केली त्यानं गाडी चालवलेली आहे. विचारलं, तुम्ही का. मी म्हटलं, हो, मीच." तो जमिनीकडे बघत राहिला. "बाबा, मी तुमचं नाव घेतलं नाही."

सासऱ्यांचं पोट हसण्यानं हलायला लागलं.

"बरं केलंत. माझं लायसन संपून सहा वर्षं झाली. नाव घेतलं असतंत तर बाईंनी मला तिथंच धरलं असतं." हसू ओसरल्यावर ते कुशीवर वळले. "एवढं बोलणारी बाई रिकाम्या हातानं पाठवत नसते. कुठं ठेवलंय?"

"कवळ्यांच्या मागं."

"झाकण आहे?"

"आहे."

"मग घेऊन या. मला झोपताना कवळी ठेवायला भांडं नाही."

मंगळवारी दुपारी बायको खोलीत पाण्याचा तांब्या ठेवायला गेली. उशाशी कप होता, कपात पाणी, पाण्यात नवऱ्यानंच घडवलेले वरचे-खालचे दात, आणि बाहेरून कोरलेलं: द्वितीय क्रमांक. तिनं ते दोनदा वाचलं. वडील बोळक्या तोंडानं घोरत होते.

बाहेर येऊन तिनं जेवणाच्या टेबलावरची भांडी एका कडेला सरकवली, नवऱ्याचा करवतीचा आणि रंगांचा डबा आणून रिकाम्या अर्ध्यावर ठेवला, आणि त्याला म्हणाली, "बक्षीस मिळालं तर खोली तुमची, असं ठरलं होतं ना?"

"आता त्यात दात आहेत," तो म्हणाला.

"दिसले," ती म्हणाली. "पण चिखल डाळीत पडता कामा नये. आणि पुढच्या गाडीला दार आधी करा."