एका सेकंदाचे बैल

वृषालीची नोकरी गेली तेव्हा ती मेथी निवडत होती. कंपनीची मीटिंग चालू होती, पण अशा मीटिंगमध्ये नुसतं ऐकायचंच असतं, म्हणून तिनं लॅपटॉप ओट्यावर ठेवला होता आणि जुडी पुढ्यात ओढली होती. पुण्याच्या त्या कंपनीसाठी ती बरीच वर्षं वेबसाइट बनवत होती. कोरोनात घरून काम सुरू झालं ते तिच्यापुरतं तसंच राहिलं, आणि ती निरगुडसरला सासरी येऊन स्थिरावली. नवरा ऋषी मंचरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला होता, त्यामुळे दोघांचं सोयीचं झालं होतं.

मीटिंगमधल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की कंपनी आता नव्या दिशेला निघाली आहे, आणि पुढच्या प्रवासात वृषालीसह बरेच जण सोबत नसतील. बाई आभार मानत होत्या तेवढ्यात पडदा काळा झाला. वृषालीला वाटलं, लाइट गेली. वर पंखा फिरत होता.

सासूबाई, म्हणजे सारजाबाई, भाकरी थापत होत्या. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा वृषाली म्हणाली, "मला कामावरनं काढलं, आई."

सारजाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि थोडा विचार केला. "काढलं म्हंजी? तू तर तिथं जातबी न्हवती."

पुढच्या आठवड्यात कंपनीनं पाठवलेला माणूस लॅपटॉप परत न्यायला आला. सारजाबाईंनी त्याला चहा दिला, पोहे दिले, गाव कुठलं, लग्न झालंय का, सगळं विचारलं. तो गेल्यावर शेजारणीनं चौकशी केली तर लॅपटॉप सर्व्हिसिंगला गेलाय असं सांगितलं. ट्रॅक्टर जातो, मोटरसायकल जाते, मग लॅपटॉप का नाही? शेजारणीला पटलं.

अवघड गेलं ते सासऱ्यांना. कुंडलिकअण्णा रोज सकाळी मारुतीच्या पारावर बसत, आणि सून घरात बसून अमेरिकेचं काम बघते हे त्यांनी तिथं इतक्या वेळा सांगितलं होतं की पारावरच्या लोकांना अमेरिका आपल्याच गावची वस्ती वाटू लागली होती. आता सूनबाई दुपारी अंगणात वाळवणं राखताना दिसायला लागल्यावर कुणीतरी विचारणारच. अण्णा म्हणाले, सध्या अमेरिकेत सुट्टी आहे. महिन्यानं पुन्हा कुणी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "देश मोठाय राव. सुट्टीबी मोठी असती."

वृषाली ऋषीच्या जुन्या लॅपटॉपवर दिवसभर अर्ज करायची. उत्तरं यायची नाहीत, आणि यायची ती इतकी लवकर यायची की कुणी अर्ज वाचला असेल यावर विश्वास बसू नये. दरम्यान गावानं तिच्या रिकाम्या वेळेचा उपयोग ओळखला. कुणी मोबाइल घेऊन यायचं, कुणी टीव्हीचा रिमोट, आणि एकजण तर पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर पोत्यात घालून घेऊन आला. "यातबी बटनंच हायेत," तो म्हणाला. ती प्रत्येकाला सांगायची की माझं काम वेगळं आहे. पण नेमकं काय आहे हे सांगायला गेली की समोरचा माणूस सहानुभूतीनं मान हलवायचा.

अशातच दादाभाऊ आले. दादाभाऊ पंचक्रोशीतल्या बैलगाडा शर्यतींचे निवेदक. माइक हातात आला की त्यांच्या आवाजानं घाटाखालची, म्हणजे गाडे पळतात त्या चढाखालची, झाडं हलतात अशी ख्याती. शेजारच्या गावच्या यात्रेची शर्यत त्यांच्याकडे होती आणि दरवर्षी तिथं एकाच गोष्टीवरून भांडणं व्हायची: कुणाची बारी आधी. चिठ्ठ्या कळशीत टाकून काढल्या तरी लोक म्हणायचे, कळशीत हात घालणाऱ्यानं खुणेसाठी ओल्या केलेल्या चिठ्ठ्या चाचपून काढल्या. दादाभाऊंचं म्हणणं असं, की कॉम्प्युटरनं नंबर काढले तर भांडायला समोर माणूसच उरणार नाही.

वृषालीला ते फार आवडलं. तिनं जीव लावून वेबसाइट केली. गाडामालकानं घरबसल्या नाव नोंदवायचं, बाऱ्या कॉम्प्युटर ठरवणार, आणि शर्यत सुरू झाली की कुणाचा गाडा किती सेकंदांत घाट चढला ते लगेच सगळ्यांच्या मोबाइलवर. महिनोन् महिने तिच्याकडे तिच्या कामाचं कुणी काही मागितलं नव्हतं. आता ती जेवतानाही रंग कुठला ठेवावा याचा विचार करायची. शेवटी पडद्याच्या वरच्या पट्टीला भंडाऱ्याचा पिवळा दिला.

चाचणीसाठी खोटी नावं भरावी लागतात. ती स्वयंपाकघरात बसून भरत होती आणि अण्णा शेजारी चहा पीत होते. माझं नाव टाक की, ते म्हणाले. तिनं टाकलं. बैलांची नावं विचारली, तेव्हा अण्णांनी बशी खाली ठेवली. शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत त्यांनी त्यांची जोडी विकली होती. ती विकल्यावर दोन दिवस ते गोठ्यात गेले नव्हते, एवढंच सारजाबाईंनी तिला कधीतरी सांगितलं होतं.

"हरण्या आन् पाखऱ्या," अण्णा म्हणाले.

"आणि सेकंद किती टाकू?"

"एक टाक. आपलंच हाय."

"एका सेकंदात बैल मान तरी वळवतो का, अण्णा?"

"पाखऱ्या वळवायचा," अण्णा म्हणाले.

नंतर तिनं ती सगळी खोटी नावं काढून टाकली. हे महत्त्वाचं आहे, कारण पुढं लोकांनी फार बोल लावले. तिनं काढली होती.

यात्रेच्या दिवशी सकाळी सगळं झकास चाललं. दादाभाऊ भिर्रर्र म्हणून आरोळी ठोकायचे, गाडा धुरळा उडवत वर जायचा आणि लोक घाटाकडे बघायचं सोडून मोबाइलकडे बघायचे. दुपारनंतर गर्दी इतकी वाढली, आणि त्या गर्दीतल्या प्रत्येकानं वेबसाइट उघडली, की ती धापा टाकायला लागली आणि शेवटी बसली. वृषाली मांडवामागं कर्ण्याखाली खुर्ची टाकून बसली होती. कानात दादाभाऊ, डोळ्यांत धूळ, आणि चारी बाजूंनी माणसं विचारत होती की बंद पडलं का. तिनं मागच्या आठवड्यात जपून ठेवलेली प्रत घाईघाईनं वर चढवली आणि आजचे सेकंद त्यात ओतले. वेबसाइट पळायला लागली. मोबाइलवर फक्त चालू बारी दिसत होती, सगळी यादी बक्षिसाच्या वेळीच उघडायची होती. ती घोटभर पाणी प्यायली. त्या जुन्या प्रतीत हरण्या आणि पाखऱ्या अजून जिवंत होते, हे तिच्या डोक्यात आलंच नाही.

संध्याकाळी बक्षीससमारंभ. सर्वांत कमी सेकंदांत घाट चढणारा गाडा म्हणजे घाटाचा राजा. दादाभाऊंनी मोबाइल हातभर लांब धरला आणि पहिलं नाव वाचलं. सेकंद वाचायच्या भानगडीत ते पडले नाहीत. आवाज एकदा वर गेला की तो खाली आणणं त्यांना जमत नसे.

"घाटाचा राजा, निरगुडसरचे कुंडलिकअण्णा! बैल हरण्या आणि पाखऱ्या!"

अण्णा त्या वेळी गुडीशेवेची पुडी हातात घेऊन पाळण्यांपाशी उभे होते. गावच्या पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. पोरांना तरी कुठं माहीत, अण्णांकडे बैल आहेत का नाहीत. नाव आपल्या गावचं आहे म्हटल्यावर एवढी चौकशी कोण करतो? स्टेजवर त्यांना फेटा बांधला, भंडारा उधळला, हलगी घुमली, आणि कमरेएवढी ढाल त्यांच्या हातात दिली. वृषाली मांडवामागून बघत होती. गर्दीतून पुढं जाता येईना म्हणून तिनं अण्णांना फोन लावला. फोन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात वाजत राहिला आणि हलगीत विरून गेला.

अण्णा उभे होते. नंतर घरी त्यांनी बायकोला सांगितलं की त्या वेळी आपण खोटं काही बोललो नाही, फक्त गप्प बसलो. ढाल जड होती आणि जरा वेळ धरावीशी वाटली.

तेवढ्यात बहिरू स्टेजवर चढला. बहिरू जुन्नरकडचा, अंगापिंडानं आडवा, आणि त्या दिवशी खरोखर पहिला आलेला गाडा त्याचा होता. खाली त्याची सगळी भावकी बाह्या सारून उभी. हलगी थांबली. बहिरू अण्णांच्या पाया पडला आणि हळूच बोलला, पण माइक समोर असल्यामुळे ते घाटभर ऐकू गेलं.

"अण्णा, तुमची बैलं कुठं बांधल्यात? दर्शन घ्यावं म्हनतो."

सगळे अण्णांकडे बघायला लागले. दादाभाऊंनी आता कुठं चष्मा लावून सेकंद वाचले आणि माइक असा दूर धरला जसा काही तो तापलाय. मग अण्णांनी तो त्यांच्या हातातून घेतला.

"पावणं, माज्याकडं बैलं न्हाईत. दोन म्हशी हायेत," ते म्हणाले. "ही बैलं माज्या सुनंनं कॉम्प्युटरमधी पाळल्यात. पेंड लागत न्हाई, वैरण लागत न्हाई, म्हनून जरा जास्त पळत्यात."

आधी कुणीच हसलं नाही. मग बहिरू हसला, आणि त्याची भावकी त्याच्याकडे बघून हसली, आणि मग सगळा घाट. अण्णांनी आपला फेटा उतरवून बहिरूच्या डोक्यावर ठेवला. तेवढ्यावर त्यांनी थांबायला हवं होतं, पण माइक हातात होता.

"आन् आनखी एक. अमेरिकेत सुट्टी-बिट्टी काय न्हाई. पोरीची नोकरी गेली. मला सांगायला लाज वाटत व्हती. तिचा काय दोष न्हवता त्यात. आजचा हाय, पन त्यो आजचाच."

दुसऱ्या दिवशी वृषाली खोलीतून बाहेर येईना. अण्णांचा व्हिडिओ लेण्याद्रीच्या पायऱ्यांपासून भीमाशंकरच्या पायऱ्यांपर्यंत सगळ्यांनी पाहिला होता. गाठीशी होतं नव्हतं ते नाव गेलं, असं तिला वाटत होतं. ऋषी समजूत घालून थकला आणि कामावर गेला. मग सारजाबाई ताट घेऊन आत आल्या. आपल्या लग्नात आमटीत दोनदा मीठ पडलं होतं, त्यांनी सांगितलं, आणि लोक अजून त्या लग्नाची आठवण काढतात. ज्या लग्नांत मीठ बरोबर पडलं त्यांची नावंसुद्धा कुणाला आठवत नाहीत. वृषालीनं जेवून घेतलं.

संध्याकाळी ती ऋषीच्या गाडीवर बसून बहिरूच्या घरी माफी मागायला गेली. बहिरूनं तिला गोठ्यात नेलं, बैलांच्या पाठीवर हात ठेवायला लावला आणि तिथंच बसून यादी नीट करायला सांगितली. त्याची एकच अट होती: बैलांची नावं वर, आपलं खाली. पळाली ती बैलं, तो म्हणाला.

त्यानंतर दोन वेगळ्या गावांच्या यात्रा कमिट्यांचे फोन आले. एकानं तर आपल्या गावातल्या एका माणसाचं नाव एका सेकंदात कायमचं बसवता येईल का असं खासगीत विचारलं. आणि पावसाळ्याच्या तोंडाला पुण्याच्या एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. ती दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी होती. पडद्यावर तिघं जण होते. तुमच्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक सांगा, असं एकानं विचारलं. लोक अशा वेळी आपण फार बारकाईनं काम करतो हीच आपली चूक, असं सांगतात. वृषालीनं घाट सांगितला. फेटा आला तेव्हा एकानं कॅमेरा बंद केला, आणि बहिरू पाया पडला तेव्हा दुसऱ्यानं. उरलेल्या बाईंनी मोठ्या निग्रहानं हसू आवरून विचारलं, की त्यानंतर तुम्ही काय बदललं. खोट्या नावांना आता मी माणसांची नावं देत नाही, आणि खरं-खोटं एका कप्प्यात ठेवत नाही, वृषाली म्हणाली. नोकरी मिळाली. अण्णा पारावर पेढे वाटायला निघाले, तेव्हा तिनं त्यांना अमेरिकेचं नाव काढायचं नाही असं बजावलं. त्यांनी काढलं नाही. ते जर्मनी म्हणाले.

ती कंपनी वर्षभर छान चालली आणि मग मोठ्या कंपनीनं ती विकत घेतली. पुन्हा एक मीटिंग, पुन्हा गोड आवाज. या वेळी वृषालीनं पडदा काळा व्हायच्या आधीच स्वतःहून लॅपटॉप बंद केला आणि जेवताना सगळ्यांना सांगून टाकलं. ऋषीनं तिच्या ताटात आणखी भात वाढला. अण्णांनी हात धुतला, टोपी घातली आणि म्हणाले, "मी पारावर जाऊन येतो." कुणीही विचारायच्या आधी त्यांनी तिथं सांगितलं, की सूनबाई मोकळी झालीय, ज्याला वेबसाइट करायची त्यानं आताच सांगावं, परत नोकरीला लागली की हाती लागायची नाही.

पारावरच्या एकाची मेहुणी शीला. भीमाशंकरच्या वाटेवर तिचं छोटं लॉज आणि खानावळ होती. तिचा फोन आला आणि वृषाली फोटो काढायला तिकडे गेली. श्रावण होता. धुकं इतकं दाट की लॉजसमोर उभं राहून लॉज दिसत नव्हतं. वृषाली कॅमेरा घेऊन तासभर बसून राहिली. धुकं हलायचं, एक खिडकी दाखवायचं आणि परत झाकून टाकायचं. शीला सारखी बाहेर येऊन आभाळाला नावं ठेवत होती. चार खोल्या नवीन रंगवल्या, सगळं वाया, असं तिचं चाललं होतं.

"ताई, तुमी कॉम्प्युटरवर ते धुकं तेवढं पुसून टाका," शेवटी ती म्हणाली.

वृषालीनं विचारलं, "लोक इथं एवढ्या लांबून कशाला येतात?"

शीलानं पदराला हात पुसले. "देवासाठी येत्यात," ती म्हणाली. मग म्हणाली, "आन् ह्या मेल्या धुक्यासाठी."

वृषालीनं खिडकी दिसायची वाट न बघता फोटो काढला. शीला आत चहा टाकायला गेली, आणि दोन पावलांवर दिसेनाशी झाली.