वाढत्या अंगाची नळी

फ्रॉकचं माप घेताना भिंगरी खाली वाकली आणि माझ्या बोटांखाली तिचं हृदय अडखळलं. दोन ठोके, मग काहीच नाही, मग तीन एकदम. वीस वर्षं शिवणकाम करतेय मी. टेपखाली छाती कशी धडधडते ते मला कुणी शिकवायला नको.

भिंगरी माझी लेक. तिच्या डोक्यात पाणी साठतं. ते उतरवायला डॉक्टरांनी गेल्या वर्षी नळी बसवली होती, डोक्यातून मानेतल्या शिरेत आणि तिथून थेट हृदयापर्यंत. आधी पोटात सोडून पाहिली, पण ते तिला मानवलं नव्हतं.

दवाखान्यात तिला झोपवून छातीला वायरी लावल्या. कागदावर सगळे ठोके अगदी शहाण्यासारखे.

"घाबरली असेल," डॉक्टर म्हणाले. "तुम्हीही फार मनाला लावून घेऊ नका, ताई."

माझं डोकंच फिरलं. "झोपून काही होत नाही तिला. वाकली की होतं. वायरी राहू देत, तिला बुटाची नाडी बांधू द्या."

"असं करत नाहीत हो," सिस्टर म्हणाल्या.

"मग आज करा. मी इथून हलणार नाही."

भिंगरी वाकली. पहिली गाठ बसेपर्यंत कागदावरची रेघ वेडीवाकडी झाली आणि डॉक्टर खुर्चीतून उठले.

एक्स-रेत नळीचं टोक हृदयात खोल गेलेलं दिसलं. ती वाकली की ते आतून टोचत होतं.

"जरा लांबच ठेवली होती," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "वाढतं वय आहे, उंची वाढली तरी पुरावी म्हणून."

पोरांचे गणवेश मीही असेच वाढत्या अंगाचे शिवते. पण लांब बाही दुमडता येते.

"आजच्या मापाची करा."

"मग दोन-तीन वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागेल."

मला भीती वाटली, खूप वाटली. तरी म्हटलं, "करू. तेव्हाचं तेव्हा."

नळी आखूड केल्यावर तिसऱ्या दिवशी, वायरी लावून, भिंगरी दहादा वाकली. एकही ठोका चुकला नाही. मी सिस्टरांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

"आई, मी उंच झाले की परत कापणार?"

"हो."

"मग मी उंच होतच नाही." ती खांदे पाडून, पाठ वाकवून बसली.

"ताठ बस आधी," मी दरडावलं. "खुशाल उंच हो. माझ्यापेक्षाही हो. दर वेळी मी असेन बरोबर."