धवल्याचा दम

डॉक्टरीणबाईंनी बारीक दुर्बीण भगीरथच्या नाकातून घशात सोडली आणि म्हणाल्या, "ई म्हणा."

भगीरथने ई लावला तो लावलाच. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, नर्सनं बाईंकडे पाहिलं. शहापूरची निम्मी बाजारपेठ त्या ईखाली खोळंबली, असं त्याची आत्या गुणाबाई पुढे जन्मभर सांगणार होती.

"हा वयात आलाच नाही हो!" बाई म्हणाल्या. "स्वरतंतू लहान मुलाचे, आखूड. हाडं मात्र वाढत राहिली. छाती बघा, कणगी नुसती!"

गुणाबाई फुलली. ती धवलारीण. लग्नात धवले गाऊन देव मांडवात बोलवायचे, हा तिच्या घरच्या बायकांचा मान. सुनांनी तो नाकारला, तिचा दम उतरला, तेव्हा या भाच्यानं तो उचलला. आवाज बाईचा आहे, देवांना तेवढं पुरतं, असं तिनंच गावाला पटवलं. आता भगीरथला संगीता नावाच्या मुलीशी लग्न करायचं होतं, दाढी हवी होती. कल्याणच्या डॉक्टरांनी दिलेलं पहिलं इंजेक्शन त्याच्या पिशवीत होतं. ते घेतलं की आवाज फुटणार. टोचून घेण्याआधी गळा दाखवायला तो इथं आला होता, आणि तेच थांबवायला आत्या मागोमाग आली होती.

"घेऊ नको म्हनून सांगा त्याला, बाई. असा गला परत व्हायचा नाय."

"खरंय." बाईंची नजर स्क्रीनवरच होती. "असा आवाज टिकावा म्हणून इटलीत पूर्वी पोरांना खच्ची करायचे. चर्चमध्ये गाण्यासाठी."

"खच्ची? बैलासारखं?"

"तसंच."

"पोरांच्या घरचे कुठं मेलेले?"

"बरेचदा घरचेच घेऊन जायचे."

गुणाबाईचा हात भगीरथच्या खांद्यावर होता. चटका बसावा तसा तिनं तो काढून घेतला.

"आत्या, काय झालं गो?" नाक पुसत भगीरथनं विचारलं.

"ती सुई काढ पिशवीतली. बाई, आताच टोचा."

"आवाज जाईल. परत येणार नाही."

"जाऊं दे."

"मंग धवला कोन म्हननार, आत्या?"

"नाय कोनी म्हनलं तर देव येतील आपल्या पायांनी," ती म्हणाली आणि त्याच्या शर्टाची बाही वर सारू लागली.

ते इंजेक्शन कमरेत देतात, हे तिला सांगायचं धाडस कुणालाच झालं नाही.