नऊशे ऐंशी कोटी सह्यांचा बाक

मित्रांनो, चढावर, औषधाच्या दुकानासमोर चार पायांवर जो उभा आहे, तो मी. जुना लाकडी बाक. चारांपैकी एक पाय हलतो, पण तोच माझा लाडका.

एका सुताराच्या कारखान्यात, एकाच ओंडक्यातून आम्ही दोघे भाऊ निघालो. धाकटा शाळेत गेला आणि फळ्याची चौकट झाला. शिकला खरा, पण जन्मभर भिंतीला टांगलेला. मी मात्र रस्त्यावर आलो. तीस वर्षं लोक माझ्यावर बसले, भांडले, लग्नं जुळवून गेले. एका गृहस्थाने तर माझ्यावर बसून बागेतल्या बाकाचं तोंडभरून कौतुक केलं. मी ऐकून घेतलं.

मग एके दिवशी नगरपालिकेचा माणूस आला. चढ चढून दमला होता. माझ्यावर बसला, पाणी प्यायला, चांगला दम खाल्ला आणि माझ्या पाठीवर कागद चिकटवून गेला: 'वापरात नसल्यामुळे हा बाक महिनाअखेर हटवून येथे जाहिरातफलक लावण्यात येईल.'

कागद आधी वाचला बाबांनी. बाबा म्हणजे मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या ताईंचे सासरे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, व्यायामासाठी रोज दवाखान्यात चालत जायचं. दवाखाना चारशे पावलांवर आणि गुडघ्याचा दम दोनशे पावलांचा. बरोब्बर दोनशेव्या पावलावर मी.

"संपलं. आता घरीच बसतो," बाबा म्हणाले.

"घरी म्हणजे माझ्या मशीनशेजारी," ताई म्हणाल्या. "दिवसभर मला शिवण शिकवाल. त्यापेक्षा मी नगरपालिकेशी भांडते."

ताईंनी नगरपालिकेच्या साहेबांकडे दोन खेपा घातल्या. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही एकट्या. लोकांची मागणी कुठे आहे?" तेव्हा ताईंनी माझ्यावरच बसून फोन उघडला आणि एका वेबसाइटवर सह्यांची मोहीम सुरू केली. माझा फोटो काढला. पुढे एक रिकामा रकाना आला: किती सह्या हव्यात? आता, गिऱ्हाइकाच्या मापाच्या चिठ्ठीवर पहिला रकाना मोबाइल नंबरचा असतो. वीस वर्षांची सवय. रकाना दिसला की हात चालतो. ताईंनी आपला नंबर टाकला, मग स्वतःची आणि बाबांची सही केली.

पान झळकलं: 'नऊशे ऐंशी कोटींपैकी दोन सह्या झाल्या. छान सुरुवात!'

"सूनबाई, पृथ्वीवर माणसं किती गं?"

"आठशे कोटींच्या आसपास."

"म्हणजे सगळ्यांनी केल्या तरी..."

"थोड्या कमी पडतील, बाबा."

आकडा बदलायला गेल्या, तर वेबसाइट म्हणे, वाढवता येईल, कमी करता येणार नाही. वाढवायचा आहे का?

कुणीतरी हसून ते पान दहा जणांना पाठवलं, त्यांनी शंभरांना. चार दिवसांत सहा हजार सह्या! नकाशात शोधावे लागतील अशा गावांतून माणसं मला पाठिंबा देत होती. मी फुगलो होतो. त्या चार दिवसांत त्या लांबच्या गावांतून माझ्यावर बसायला मात्र कुणी आलं नाही. एक मांजर येऊन गेलं, पण त्याची सही नव्हती.

साहेबांनी नेमकं तेच पकडलं. "हे लोक काय विमानाने येऊन बसणार आहेत का?"

ताईंनी घरी येऊन ते पान पुन्हा उघडलं. कारण बोलणं खोटं नव्हतं. मग त्यांना सहीखालचा दुसरा रकाना दिसला: तुम्ही सही का करताय? त्यांनी आसपासच्या प्रत्येकाला कळवलं, 'सही झाली असेल तर कारण लिहा. कधी बसता, किती वेळ, तेही लिहा. माप नीट हवं.'

कारणं येऊ लागली. नर्सने लिहिलं, 'ड्यूटी संपल्यावर अकरा मिनिटं. दिवसात तेवढ्याच वेळात मला कुणी हाक मारत नाही.' पोस्टमनने लिहिलं, 'सकाळी साडेदहा. मी नाही, पिशवी बसते.' एकशे त्रेचाळीस माणसं. ताईंनी वेळा मांडल्या, तर सकाळी सहा ते रात्री दहा मी जेमतेम पंचवीस मिनिटं रिकामा! मलाच हे ठाऊक नव्हतं.

साहेब खात्री करायला स्वतः आले. चढ चढून धापा टाकत माझ्यासमोर उभे राहिले. मी गच्च भरलेलो.

"जरा सरकता का?" साहेब म्हणाले.

"वापरात नसलेला बाक आहे, साहेब," बाबा जागचे न हलता म्हणाले. "बसा की कुठेही."

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या माणसाने येऊन कागद काढला. जाताजाता माझा हलणारा पायही ठोकून पक्का केला. त्याचं थोडं दुःख आहे.

मित्रांनो, फोनवरच्या सहीला कमी लेखू नका, तिने माझा जीव वाचवला. पण सही केलीत तर दोन ओळी कारणही लिहा. आणि तुमच्या रस्त्यावर असा कुणी उभा असेल, तर कागद चिकटण्याआधीच त्याची चौकशी करा.

परवा बाबा न थांबता माझ्यासमोरून निघून गेले. चारशेच्या चारशे पावलं! मला आनंद झाला आणि रागही आला. तेवढ्यात ते दवाखान्याच्या दारातून वळले, दोनशे पावलं मागे आले आणि माझ्यावर बसले.

"दमलो नाही रे," ते म्हणाले. "सहज आलो."

मोहीम अजून चालूच आहे. नऊशे ऐंशी कोटींना थोड्याच कमी आहेत. तुमची झाली का?