पुढे घोडे आहेत, हॉर्न वाजवा

घनश्यामराव भोयर घोडा-पांदण समितीचे अध्यक्ष झाले, त्यात त्यांच्या कर्तबगारीचा काही संबंध नव्हता. पारावर बैठक चालू असताना ते जरा कडुनिंबाच्या आडोशाला गेले आणि परत आले तोवर अध्यक्ष होऊन बसले होते. तांड्यावरच्या भावसिंगनं नाव सुचवलं, धर्मपाल मेश्रामनं अनुमोदन दिलं, आणि त्या दोघांखेरीज समितीत दुसरं कोणी नव्हतंच. 'घरी चहाला कोणी विचारत नाही, इथं एकदम अध्यक्ष,' असं मनाशी म्हणत घनश्यामराव सुपारी कातरत बसले.

समिती काढायचं कारण साधं होतं. नेरच्या अलीकडच्या पाथरझरी गावात अजून थोडे घोडे टिकून होते. धर्मपालचे दोन काळे, जे लग्नात आणि जयंतीच्या मिरवणुकीत ऐटीत चालत. भावसिंगचा एक तांबडा, जो कशातच चालत नसे, नुसता खात असे. आणि घनश्यामरावांची पांढरी उर्वशी. या सगळ्यांना फिरवायची जागा एकच, ती म्हणजे गावापासून नदीपर्यंत दोन्हीकडच्या शेतांच्या बांध-धुऱ्यांमधून जाणारी मातीची पांदण. अशी वाट पायाखाली राहिली नाही तर बाभळी आत येतात, बेशरमाची झुडपं माजतात, आणि शेजारचा शेतकरी दरसाल नांगराचं एकेक तास, एकेक सरी, तिच्यात घालत जातो. चार-पाच हंगामांत वाट गेली कुठं, हे विचारायलाही कोणी उरत नाही.

म्हणून दर रविवारी श्रमदान. भावसिंग कुऱ्हाडीनं बाभळी तोडायचा, धर्मपाल खड्ड्यांत मुरूम टाकायचा, टापेत रुतणारी खडी वेचायचा. अध्यक्षांचं काम वेगळं होतं. मुरमाची ट्रॉली मागं घेताना ते हात हलवत उभे राहायचे आणि म्हणायचे, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस!" आख्खी नोकरी एसटीचं स्टेअरिंग धरण्यात गेली, त्यामुळं दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. आणि येत नाही हे त्यांना पुरतं माहीत होतं, एवढा एक गुण मात्र अंगात होता.

उर्वशी त्यांनी निवृत्तीनंतर आणली. मुलगा अंकुर आणि सून प्रेरणा पुण्याला गेले, घर रिकामं झालं. बायको इंदुताई महिनाभर सगळ्या गल्लीला सांगत होत्या, "लोकं रिटायर झाल्यावर तीर्थाले जातात. आमच्या इथं घोडी आली." पण पहिली भाकर उर्वशीच्या तोंडात जाऊ लागली तीही इंदुताईंच्याच हातून. घनश्यामराव बाहेरून आले की फाटकाशी मान काढून वाट बघणारं त्या घरात तेवढं एकच होतं. त्यांचा त्या घोडीवर जीव होता. हे ते कोणाजवळ बोलत नसत, पण गावाला दिसत होतं.

उर्वशी वरातीची घोडी. धर्मपालनं तिला नाच शिकवला होता. बँडचा सूर कानावर पडला की तिचे कान टवकारायचे, मान कमानीसारखी वळायची आणि पुढचे पाय ठेक्यात पडू लागायचे. तिचा एक कायदा होता. वरातीत पुढं नाचणारी माणसं सरकली तरच ती सरकणार. नाहीतर जागच्या जागी नाचत राहणार, मग लग्नाचा मुहूर्त टळो की नवरदेव घोडीवर झोपो. लगाम ओढून उपयोग नाही, पाठीवर थाप मारून उपयोग नाही. घनश्यामरावांना यात काही वावगं वाटत नसे. ते स्वतः कंडक्टरच्या डबल बेलशिवाय कधी गाडी हलवत नसत, मग समोर डेपो मॅनेजर का उभा असेना.

सगळं ठीक होतं, आडवा होता तो रस्ता. नेरकडं जाणारा डांबरी रस्ता पांदणीला मधोमध छेदत होता. तो रुंद झाला आणि गाड्यांना पंख फुटले. एका सकाळी उर्वशीला घेऊन घनश्यामराव ओलांडत असताना एक ट्रॅव्हल्स इतक्या जवळून गेली की तिच्या शेपटीचे केस उडाले. घोडी उधळली, लगाम हातातून सुटला, आणि ती थेट तुरीत जाऊन थरथरत उभी राहिली. त्या दिवशी घनश्यामराव जेवले नाहीत.

"तिले काई झालं ना, इंदू," ते ताटावरून उठत म्हणाले, "तं मले नाई जमायचं मंग."

इंदुताईंनी ताटातली भाकर उचलली आणि गोठ्याकडं गेल्या.

दुसऱ्या दिवशी समितीची तातडीची बैठक. भावसिंग म्हणाला, गतिरोधक मागू. धर्मपाल म्हणाला, मागून मिळेपर्यंत घोडे म्हातारे होतील. मग अध्यक्ष बोलले. हॉर्नवर त्यांची श्रद्धा होती. पुसदच्या घाटापासून उमरखेडच्या बाजारापर्यंत म्हशी, बैलबंड्या, मास्तर, वऱ्हाडी सगळे त्यांनी हॉर्ननंच बाजूला केले होते.

"मी सांगतो तुमाले," ते म्हणाले, "हॉर्न वाजला की डायवर हुशार होते, जनावर हुशार होते. आपून पाटी लावू. पुढे घोडे आहेत, हॉर्न वाजवा. विषय खतम."

"वा भाऊ!" धर्मपाल म्हणाला. "म्हणून तं अध्यक्ष केलं तुमाले."

ठराव एकमतानं पास झाला. तिघंही घोड्यांबरोबर राहणारे. त्यातल्या एकानं उर्वशीला नाच शिकवलेला, दुसऱ्याच्या दारात ती बांधलेली, तिसरा दर लग्नसराईत तिच्यापुढं नाचलेला. पण ट्रकला कसले हॉर्न असतात, हा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. धर्मपालनं स्वतः पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं काढली. खाली घोड्याचं चित्रही काढलं, ते गाभण बकरीसारखं दिसत होतं.

रविवारी सकाळी पाट्या उभ्या राहिल्या, रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकेक. इंदुताई हळदकुंकू आणि नारळ घेऊन आल्या. "अध्यक्षीणबाई," भावसिंगनं हाक मारली तशा त्या फणकारल्या, "चूप रे! माह्यी भाजी टाकून आली मी." घनश्यामरावांनी नारळ फोडला. तो तिसऱ्या फटक्याला फुटला, आणि फुटला तोही पाटीच्या खांबावर आपटल्यावर.

आता पहिलं अधिकृत क्रॉसिंग. धर्मपालचे दोन्ही काळे शांतपणे पलीकडं गेले. भावसिंगचा तांबडा गवत चघळत गेला. शेवटी घनश्यामराव उर्वशीला घेऊन उतरले. रस्त्याच्या मध्यावर आले आणि डावीकडून एक ट्रक येताना दिसला. ट्रक ड्रायव्हर सज्जन माणूस होता. त्यानं पाटी वाचली, वेग कमी केला आणि पाटीत सांगितलं होतं तसं हॉर्न वाजवला.

तो साधा हॉर्न नव्हता. लग्नात बँड पहिल्यांदा सुरू होतो तशी लांबलचक, नागमोडी, सात सुरांची धून होती.

उर्वशीचे कान टवकारले. मान वळली. पुढचा उजवा पाय डांबरावर ठेक्यात पडला, मग डावा.

"ए बाई, नाई!" घनश्यामरावांनी लगाम ओढला. "आता नाई! चाल, चाल!"

ट्रक थांबला. घोडी नाचतेय म्हणून ड्रायव्हरला आनंद झाला आणि त्यानं पुन्हा धून वाजवली. त्याच्या मागं दुसरा ट्रक थांबला. त्यानंही पाटी वाचली होती, त्यानंही वाजवला. त्याची धून आणखी रंगेल होती. उर्वशी आता मनापासून नाचू लागली. पलीकडून धर्मपाल ओरडत होता, "ओढा, भाऊ, ओढा!" आणि स्वतः शिकवलेल्या घोडीला ओढून काही होत नाही हे त्याच्या त्याच ओरडण्यात विरून जात होतं.

तेवढ्यात घनश्यामरावांना दोन्ही ट्रकांच्या मागून गिट्टीच्या टिप्परचा आवाज ऐकू आला. तो वेग कमी करत नव्हता. समोर थांबलेल्या गाड्या बघून तो थांबणार नाही, त्यांना बाहेरून काढून पुढं येणार, हे त्यांना देवानं सांगितल्यासारखं कळलं. कारण नोकरीभर ते स्वतः असंच काढत आले होते. आणि बाहेरून काढणाऱ्याला रस्त्याच्या मधोमध काय नाचतंय ते शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

घनश्यामराव भोयर जन्मात कधी नाचले नव्हते. अंकुरच्या लग्नात, पुसदला, भर वरातीत इंदुताईंनी हाताला धरून ओढलं होतं. व्याही आले, विहीण आली, शेवटी नवरदेवानं घोडीवरून खाली वाकून हाक मारली, "बाबा, या ना!" तरी हे पाण्याच्या टाकीजवळ उभे राहिले होते. म्हणाले, "कोनी तरी व्यवस्था पाहाले पायजे." व्यवस्था चोख होती, तिच्याकडं कोणीही बघत नव्हतं. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. आपलं अंग हलताना कसं दिसेल याची.

त्यांनी लगाम सोडला. उर्वशीच्या समोर आले, तिच्याकडं तोंड केलं, आणि दोन्ही हात वर टाकले.

तो नाच होता असं म्हणणं नाचावर अन्याय होईल. एक हात क्लच दाबल्यासारखा, दुसरा वळण घेतल्यासारखा, गुडघे आपापल्या मर्जीनं. कंबर हलतच नव्हती म्हणून तिच्याऐवजी टोपी हलत होती. पण ते नाचत होते आणि नाचता नाचता मागं सरकत होते. "चाल माय, चाल, वरात चालली, चाल!" उर्वशीनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग तिनं एक पाऊल पुढं टाकलं. मग दुसरं. घनश्यामराव मागं मागं, ती ठेक्यात पुढं पुढं. ट्रकवाला खूश होऊन अजून वाजवत होता, त्यामुळं घनश्यामरावांना थांबताही येत नव्हतं.

त्यांची टाच पलीकडच्या मुरमाला लागली आणि उर्वशी डांबरावरून खाली उतरली. त्याच वेळी टिप्पर ट्रकांना बाहेरून काढून, आता जिथं नुसता रस्ता उरला होता तिथून, धूळ उडवत निघून गेला. त्यानंही पाटी वाचली असावी. जाता जाता हॉर्न वाजवून गेला.

घनश्यामराव मुरमावर बसले, मग उठले, आणि उर्वशीच्या मानेत तोंड खुपसून हमसून रडले. घोडीला घाम आला होता आणि ती अजून एक पाय हळूहळू आपटत होती.

इंदुताई रस्ता ओलांडून धावत आल्या. आधी त्यांनी घोडीच्या चारही पायांवरून हात फिरवला. मग नवऱ्याकडं वळल्या. डोळ्यांत पाणी आणि आवाजात धार, दोन्ही एकदम.

"पोराच्या लग्नात नाई नाचले," त्या म्हणाल्या, "अन् घोडीसाठी नाचले!"

अध्यक्ष टोपी झटकत राहिले.

समितीनं त्याच दुपारी पाट्या बदलल्या. धर्मपालनं लिहिलं, 'पुढे घोडे आहेत, हॉर्न वाजवू नका. सावकाश.' बकरी तशीच ठेवली, पुसायला रंग उरला नव्हता. तोवर ट्रकवाल्यानं काढलेला व्हिडिओ नेरच्या स्टँडपर्यंत पोचला होता, आणि संध्याकाळी अंकुरचा पुण्याहून फोन आला. तो आधी बराच वेळ नुसता हसत होता. मग म्हणाला, "बाबा, माह्या लग्नात काहून नाई भेटलं हे पाहाले?" घनश्यामरावांनी फोन इंदुताईंकडं दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमाल झाली. गाड्या खरोखरच सावकाश येऊ लागल्या. घोड्यांसाठी नव्हे. तो नाचणारा म्हातारा दिसतो का, हे बघायला ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढत होते. जे गतिरोधकानं झालं नसतं ते टोपीनं केलं होतं. हॉर्न एकही वाजला नाही. काळे गेले, तांबडा गेला. उर्वशी डांबराच्या कडेशी आली आणि थांबली.

"चाल," घनश्यामराव म्हणाले.

ती हलली नाही. तिनं मान वाकडी करून त्यांच्याकडं पाहिलं. तिच्या समजुतीप्रमाणं हा रस्ता कसा ओलांडायचा असतो ते काल ठरलं होतं, आणि ते अध्यक्षांनीच ठरवलं होतं.

"भाऊ," पलीकडून धर्मपाल म्हणाला, "आता हे रोजचं झालं समजा."

एक एसटी येऊन हळूच थांबली. घनश्यामरावांच्याच डेपोची. ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली शिकलेला बबलू. त्यानं इंजिन बंद केलं, स्टेअरिंगवर हनुवटी ठेवली आणि दात काढले. सगळ्या खिडक्यांतून माणसं बाहेर आली. घनश्यामरावांचे कान तापले. पाण्याच्या टाकीजवळ उभं राहावंसं वाटलं, पण इथं टाकी नव्हती. इथं फक्त घोडी होती, आणि ती वाट बघत होती.

मागून बांगड्या वाजल्या. इंदुताईंनी पदर कमरेला खोचला आणि येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"एकटे किती दिस नाचसान?" त्या म्हणाल्या. "सरका तिकडं. अंकुरच्या लग्नातलं राह्यलं हाय माहं."

घनश्यामरावांनी बायकोकडं पाहिलं, घोडीकडं पाहिलं. हात वर जाता जाईनात. तेव्हा बसमधल्या कंडक्टरनं हात उंचावून दोरी ओढली.

टिंग टिंग.

डबल बेल मिळाल्यावर थांबून राहायची घनश्यामरावांना सवयच नव्हती. ते निघाले.