कोपरावरचं भोक

बुधवारी सकाळी ओडेटनं माझा कोट आणून माझ्या मांडीवर ठेवला. मी पाहिलं, तर कोपरावरचं भोक नाहीसं झालेलं.

ओडेट माझी सून. जवळच्या फॉल रिव्हर शहरातल्या एका पोर्तुगीज शिंप्याची मुलगी. एलियटशी लग्न होऊन आठ महिने झालेले, आणि खाडीकाठच्या आमच्या घरातला हा तिचा पहिलाच उन्हाळा. मला सगळा गाव पिप म्हणतो. चौथ्या वर्षी चिकटलेलं नाव एकाहत्तराव्या वर्षीही निघालेलं नाही. माझ्या बायकोला सगळे सिस म्हणतात, म्हणजे ताई. ती आईबापांची एकुलती एक आहे. सासऱ्याला पिप म्हणायला ओडेटची जीभ रेटत नसे, त्यामुळे ती मला कसलीच हाक मारत नसे. समोर येऊन उभी राही आणि मी मान वर करायची वाट बघे.

"तुमच्या वाढदिवसाचं," ती म्हणाली. "जरा उशीर झाला. अकरा संध्याकाळी लागल्या. रफू कुठे केलंय, दाखवा शोधून."

मी शोधलं. सापडलं नाही. गळपट्टीच्या लोंबत्या दशा गेल्या होत्या, अस्तर नवं होतं, चारही बटणं एकसारखी होती.

"सुंदर," मी म्हणालो. आमच्यात माणूस बुडत असला तरी पाणी छान आहे असंच म्हणतात.

कोट माझ्या वडिलांचा. त्यांनी तो कॉलेजात असताना एक्कावन्न साली शिवून घेतला आणि चौपन्नच्या वादळात होडी किनाऱ्याला ओढताना त्याचं कोपर फाटलं. माझ्याकडे आलं तेव्हा ते भोक बटणाएवढं होतं. चाळीस वर्षं टेबलं, सुकाणू आणि चर्चच्या बाकांवर कोपर टेकून टेकून मी ते लिंबाएवढं केलं. वडिलार्जित इस्टेटीतली वाढवता आली अशी तेवढीच एक गोष्ट.

आणि शनिवारी आमच्या होड्यांच्या क्लबाचा हंगाम सुरू व्हायचा होता. त्या दिवशी पहिला झेंडा चढवण्याचा मान ज्याचा कोट सर्वांत जीर्ण त्याचा. हे कुठे लिहिलेलं नाही, कुणी बोलतही नाही. बोललात तर मान गेलाच. धक्क्यावर सगळे ओळीनं उभे राहतात. एक्याण्णव वर्षांच्या मिसेस वेदरेल काठी टेकत समोरून जातात आणि ज्याच्यापुढे थांबतात त्याच्या हाती दोरी देतात. माझ्या वडिलांनी पंधरा वेळा झेंडा चढवला. मी एकदाही नाही. गेली एकोणीस वर्षं मिसेस वेदरेल डकी लॅथ्रपपुढे थांबत आल्या आहेत.

डकीचं भोक देखणं, यात वाद नाही. वाटोळं, पौर्णिमेच्या चंद्रासारखं. हल्ली बॉस्टनच्या दुकानांतून आधीच विटलेले, आधीच फाटलेले कोट मिळतात म्हणे, आणि तरुण पोरं ते घेतातही. डकी त्यावर फार चिडतो. भोक कमवावं लागतं, असं त्याचं म्हणणं. पण त्याचं भोक होतं तेवढंच राहिलं आणि माझं वाढत गेलं. एप्रिलमध्ये आम्ही दोघांनी एकमेकांची कोपरं चोरून पाहिली, तेव्हा यंदा दोरी कुणाच्या हाती येणार ते दोघांनाही कळून चुकलं होतं.

बुधवारी दुपारपासून मला बसवेना. माडीवर जायचो, खाली यायचो, फडताळ उघडून कोट बघायचो.

"पिप, बस जरा," सिस पत्त्यांतून मान वर न करता म्हणाली. "नाहीतर कुत्र्याला फिरवून आण."

"आणलं चारदा."

"मग खरं काय ते तिला सांगून टाक."

"काय सांगू? तू मला चांगला कोट दिलास म्हणून माझी अब्रू गेली?"

सिसनं पान टाकलं.

गुरुवारी मी कोट घालून कोठाराच्या विटांवर अर्धा तास कोपर घासलं. विटेचा रंग गेला. मग कालवांचे शिंपले घेऊन बघितलं. फॉल रिव्हरचा दोरा हलला नाही. रात्री कुत्र्याला त्यावर झोपवलं, तर नव्या अस्तरावरून ते घसरून पडलं आणि रागावून स्वयंपाकघरात निघून गेलं.

शुक्रवारी पहाटे मी कोट दोरीला बांधला, होडीमागे पाण्यात सोडला आणि खाडीच्या तोंडापर्यंत वल्ही मारत गेलो. खाऱ्या पाण्यापुढे लोखंड टिकत नाही, दोरा काय टिकेल. परतलो तेव्हा धक्क्यावर ओडेट उभी होती. ती मी मान वर करायची वाट बघत होती. मी शक्य तितक्या उशिरा केली.

दोरीच्या टोकाला काय आहे ते तिनं पाहिलं.

"सिसनं मघाशी सांगितलं मला, झेंड्याचं," ती म्हणाली. "आमच्याकडे भोक पडलं की लोक काय म्हणतील म्हणून आई त्याच रात्री बुजवायची. तुमच्याकडे बुजवलं तर लोक काय म्हणतील."

"तसंच काहीसं," मी म्हणालो.

"खाडीवरची माणसं बाबांकडे मागच्या दारानं यायची. काय करून न्यायची ते बाबांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. म्हणायचे, गिऱ्हाइकाची शिवण उघडी करायची नाही." तिनं दोरी ओढून कोट वर घेतला आणि पिळला. "द्या, उसवून देते. कात्री घरात आहे. दहा मिनिटांचं काम."

अकरा संध्याकाळींचं काम दहा मिनिटांत. ती हे ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज मला अजून ऐकू येतो. तिनं रडायला हवं होतं. ते सोपं गेलं असतं.

"नको," मी म्हणालो. "राहू दे. मी असाच घालीन."

शनिवारी घातला. खाऱ्या पाण्यानं बाह्या आखडून मनगटाच्या चार बोटं वर गेल्या होत्या, छातीवर मिठाचे नकाशे उमटले होते, पण कोपर नव्या नवरीच्या गालासारखं होतं. मी हात मुद्दाम वाकवून उभा राहिलो. मिसेस वेदरेल आल्या. मिठाच्या नकाशांकडे बघून त्यांची काठी थबकली, कोपराकडे बघून पुन्हा चालू लागली. डकीच्या हाती विसाव्यांदा दोरी गेली.

"नवा घेतलास वाटतं?" जाता जाता तो म्हणाला. याहून वाईट शब्द आमच्यात नाही.

"सुनेनं रफू केलंय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. ओडेट माझ्या शेजारीच होती. तिनं मान खाली घातली, पण हसली.

डकीनं दोरी ओढायला हात वर केला. कोपर उन्हात आलं. ओडेटचे डोळे बारीक झाले. झेंडा अर्ध्यावर असेल, तेव्हा ती माझ्या कानाशी वाकली.

"पिप," ती म्हणाली, आठ महिन्यांत पहिल्यांदा, "ते कात्रीचं आहे."

"काय?"

"भोक. झिजलेल्या कापडाला दशा सुटतात. ह्या भोकाच्या कडेला धार आहे. आणि वाढू नये म्हणून कडेनं आतून टीप घातली आहे." तिनं आणखी एकदा पाहिलं. "बाबांचा हात आहे तो. डावखुरे होते ते."

झेंडा वर पोचला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

"कुणाला सांगायचं नाही हं," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आहे."

मी वचन दिलं. न देऊन करतो काय? आदल्याच दिवशी तिच्या अकरा संध्याकाळी पाण्यातून ओढून आणल्या होत्या मी. मग डकी दोन पेले घेऊन आमच्याकडे आला. एक त्यानं मला दिला आणि माझ्या कोपरावर हळूच थोपटलं.

"वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला. "भोक कमवावं लागतं, पिप."

ओडेट समुद्राकडे बघत होती. मी पेला एका दमात संपवला.

आता डकी रोज दुपारी सोंगट्या खेळायला येतो आणि तो कोपर टेबलावर, माझ्या नाकासमोर ठेवून बसतो. कडेची टीप मला लख्ख दिसते. तो गेला की मी माडीवर जातो, खाली येतो, फडताळ उघडतो, बंद करतो. मी पट्टा हातात घेतला की कुत्रं टेबलाखाली जातं.